एकट्याची लेझर की दोघांची एंटरप्राइज?

पावसाळा सरला, समुद्र निवळला की दोना पावला–मिरामारच्या बाजूला शिडाच्या होड्यांच्या शर्यती बघणाऱ्या एखाद्याला तरी वाटतंच, आपणही उतरावं. मग पहिला प्रश्न बोटीचा. माझं मत आधीच सांगते: मोठ्या माणसाने पहिला हंगाम दोघांच्या बोटीत क्रू, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या स्किपरचा साथीदार, म्हणून काढावा.

लेझर, म्हणजे आताच्या नावाने आयएलसीए, साधारण 4.2 मीटरची आणि एका शिडाची. हल, म्हणजे बोटीचं अंग, तोच ठेवून शीड लहान-मोठं बदलता येतं: 4.7, सुमारे 5.8 किंवा 7.06 चौरस मीटर. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला मधलं पुरतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणनने कांस्य मिळवलं ते यातल्या मोठ्या शिडावर. उलटली तर डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर, उभं राहून सरळ करता येते, पाणीही आपोआप निघून जातं. पण सगळं एकट्याच्या अंगावर. एका हातात मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, दुसऱ्यात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, पाय पट्ट्यात अडकवून अंग बाहेर झोकलेलं, आणि तेवढ्यात समोरून कोणीतरी ओरडतं, ‘स्टारबोर्ड!’ म्हणजे त्याला वारा उजवीकडून आहे; तुम्ही पोर्ट टॅकवर असाल, म्हणजे तुम्हाला वारा डावीकडून असेल, तर वाट तुम्हीच द्यायची. मार्च-एप्रिलच्या दुपारी खारा वारा चढला की नवख्याची निम्मी शर्यत बोट सरळ करण्यातच जाते.

एंटरप्राइजमध्ये सुकाणू दुसऱ्याकडे असतं. तुम्ही पुढचं शीड, म्हणजे जिब, सांभाळायचं, वजन इकडून तिकडे टाकायचं आणि आजूबाजूला बघत राहायचं. हे बघणंच खरं शिक्षण. सुरुवातीच्या पाच मिनिटांत निशाणं चढतात-उतरतात आणि तुम्ही मोठ्याने सेकंद मोजत असता. मांडवीच्या मुखाशी ओहोटी लागली असेल तर पाणी पश्चिमेला ओढतं. दुपारचा वारा तिकडूनच येतो आणि शर्यत वाऱ्याच्या दिशेने सुटते, म्हणजे सुरुवातीची रेषाही त्याच बाजूला. नवखा बेसावध राहिला की इशारा होण्याआधीच बोट रेषेपलीकडे. भरतीला नेमकं उलटं होतं, सगळे मागे रेटले जातात. लेझरमध्ये एकट्याला हे उमजेपर्यंत हंगाम संपतो. इथे मागे बसलेला अनुभवी माणूस तिथल्या तिथे सांगतो, कधी शिव्या घालून. तोटाही आहे: जुनी लाकडी एंटरप्राइज उलटली तर पाणी उपसता उपसता हात भरून येतात.

मुलांचं सोपं आहे. पंधरा वर्षांच्या आतलं पोर असेल तर ऑप्टिमिस्ट ही मुलांची छोटी बोट, विषय संपला.

बोट विकत घ्यायची घाई मात्र नको. आधी किनाऱ्यावर जाऊन बघा, शर्यतीला कुठल्या बोटी जास्त उतरतात. कितीही छान बोट असली तरी तिच्या जातीची दुसरी नसेल तर शर्यत कोणाशी करणार? तिथेच विचारा, कोणाला क्रू हवा आहे का. स्किपर बरेच असतात, भरवशाचा क्रू मिळत नाही. पोहता येत नसेल तर आधी ते, आणि लाइफ जॅकेट दोन्ही बोटींत घालायचंच.

एका माणसाला मात्र मी लेझरच सुचवेन: ज्याचा रविवार घरच्यांच्या किंवा ऑफिसच्या हातात असतो. क्रू आला नाही तर स्किपरला किनाऱ्यावर बसून राहावं लागतं, आणि पुढच्या आठवड्यात तो तुम्हाला विचारत नाही.