आधी ‘क्लाउड गेट’ की ‘क्राउन फाउंटन’?

शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये शिरलं की बहुतेकांची पावलं ‘क्लाउड गेट’कडे वळतात. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं हे शिल्प २००६ साली पूर्ण झालं. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून सांधे इतके घासलेत की एकही दिसत नाही. उंची सुमारे १० मीटर, वजन जवळपास १०० टन. पण ते जड वाटत नाही, कारण नजर पत्र्यावर थांबतच नाही. तिथे दिसतं ते आभाळ, वाकलेल्या इमारती आणि त्यांच्यात कुठेतरी आपण. कमानीखाली उभं राहून मान वर करा. आपलंच प्रतिबिंब ताणलं जातं, वितळतं, शेजारच्या अनोळखी माणसात मिसळतं. हे बघायला सकाळी लवकरच जावं. दुपारी फोटोंची झुंबड असते.

जवळच जाउमे प्लेन्सा यांचं ‘क्राउन फाउंटन’ आहे, २००४ सालचं. काचेच्या विटांचे ५० फुटी दोन मनोरे समोरासमोर, मधे काळ्या ग्रॅनाइटवर पाण्याचा पातळ थर. मनोऱ्यांवर शिकागोतल्या सुमारे हजार रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने उमटतात. मग ओठांचा चंबू होतो, तोंडातून धार सुटते आणि खाली वाट बघणारी पोरं किंचाळत भिजतात.

मला विचाराल तर उन्हाळ्यात आधी कारंजंच. तिथे चपला काढून पाण्यात उतरता येतं, कुणी हटकत नाही. थंडीत मात्र धार बंद असते. तेव्हा कपूरांकडेच जा.