अँडरसनची लोहारशाळा, विल्यम्सबर्ग: पोलाद जपून वापरण्याची विद्या

व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे जेम्स अँडरसन या लोहाराचा व्यवसाय होता आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्याचाच विस्तार होऊन तेथे सरकारी शस्त्रशाळा चालू लागली. फ्रेंच बंदूककार आणि गुलामगिरीत जखडलेले कारागीर तेथे एकाच छपराखाली राबत होते. पुन्हा उभारलेल्या या शाळेत आज भाता, ऐरण, घण आणि सांडशी यांच्या साहाय्याने अठराव्या शतकातील पद्धतीनेच काम चालते.

माझ्या मते येथे पाहण्याजोगी गोष्ट बंदुकीपेक्षा कुऱ्हाड ही आहे. कुऱ्हाडीचे अंग साध्या घडीव लोखंडाचे असते. पोलादाचा तुकडा फक्त धारेपुरता घातला जातो आणि दोन्ही पांढऱ्या तावावर आणून घणाच्या घावांनी एकजीव केले जातात. ताव थोडा कमी पडला तर सांधा धरत नाही, जास्त झाला तर पोलाद जळते. आपल्याकडे फाळ किंवा कुऱ्हाड लोहाराकडून शेवटून, म्हणजे नवे टोक वा धार लावून, आणलेल्यांना ही काटकसर सहज ओळखू येईल. पोलाद महाग होते आणि बरेचसे इंग्लंडहून येत असे. शिवाय ब्रिटिश संसदेने १७५० च्या कायद्याने वसाहतींत पोलादाच्या नव्या भट्ट्या उभारण्यास मनाई केली होती, तेथून इंग्लंडला जाणाऱ्या कच्च्या लोखंडावरील जकात मात्र उठवली होती. कच्चा माल तुमचा आणि कारखानदारी आमची, हा हिशेब आपल्याला काही नवा नाही.

पटाशीला पाणी देण्याचे काम तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. पाण्यात बुडवून कडक झालेले पोलाद ठिसूळ असते, म्हणून ते घासून उजळ करतात आणि पुन्हा हलकेच तापवतात. त्याबरोबर पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढत जातो. पटाशीसाठी पिवळ्यावरच थांबतात, कमानीसाठी (स्प्रिंगसाठी) निळ्यापर्यंत जाऊ देतात.

एकच अवजार पुन्हा पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे पाच मिनिटे डोकावणाऱ्याला ठिणग्यांपलीकडे फारसे काही दिसणार नाही. विल्यम्सबर्गचा हा जुना भाग संग्रहालय म्हणून जपलेला आहे; त्याच्या रस्त्यांवरून विनातिकीट हिंडता येते, परंतु कार्यशाळांच्या आत जाण्यास तिकीट लागते. लोहारशाळेच्याच आवारात पत्र्याची भांडी घडवणाऱ्यांचीही कार्यशाळा आहे. वेळ अपुरा असेल तर ती वगळावी आणि तो वेळ ऐरणीपाशी घालवावा.