धनगरवाड्याचा प्रस्ताव कोण लिहिणार? एजन्सी, कमिशनवाला की आपलाच कार्यकर्ता

आमची संस्था कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात धनगरवाड्यांवर, म्हणजे डोंगरातल्या धनगर वस्त्यांवर काम करते. पाण्याची टाकी, शाळेपर्यंतची वाट, वनहक्काचे दावे. हिशेबाच्या वह्या आणि निधी मागायच्या प्रस्तावांच्या फायली माझ्याकडे. प्रस्ताव लिहायला कुणाला घ्यावं, याच्या तिन्ही वाटा आम्ही तुडवून झालोय. नव्या संस्थेतली मंडळी सारखी विचारतात, म्हणून मांडतो.

पुण्या-मुंबईच्या एजन्सीचं आधी. इंग्रजी चोख, बजेटचे तक्ते निधी देणाऱ्या डोनरला हवे तसे, कोणता फंडर कधी अर्ज मागवतो ते तोंडपाठ. तीन-चार वर्षांचा मोठा प्रकल्प किंवा परदेशी निधी असेल, तर ही माणसं उपयोगी पडतात यात शंका नाही. घोडं पेंड खातं ते वाडा चढताना. आमच्या पहिल्या प्रस्तावात त्यांनी सरसकट ‘आदिवासी’ लिहून टाकलं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये येतात, अनुसूचित जमातीत नाही. शब्द चुकला की खातं चुकतं, योजना चुकते.

वनहक्काचंही तेच झालं. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. धनगर मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करतो, आणि त्याला त्या तारखेच्या मागची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती आणि जंगलावरचं अवलंबन सिद्ध करावं लागतं. जुने कागद धुंडाळायचे, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे, त्यासाठी चार-चार वेळा डोंगर चढायचा. एजन्सीने या सगळ्याला सहा आठवडे धरले होते. वाड्यावरच्या मामांनी वाचलं असतं तर पोट धरून हसले असते. पण प्रस्ताव इंग्रजीत होता.

कमिशनवाला ऐकायला सगळ्यात गोड. “आधी एक रुपया नको, मंजूर झालं की दहा टक्के द्या.” १२ लाख मंजूर झाले, तर १ लाख २० हजार. हे द्यायचे कुठून? डोनरने पैसे टाकीला दिलेत, मंजूर बजेटात असा खर्च बसतच नाही. मग “टाकीच्या बिलात वाढवून दाखवा” हा सल्लाही तोच देतो. पैसा कशावर खर्च झाला ते सांगणाऱ्या विनियोग दाखल्यावर सह्या आपल्या आणि सीएच्या, तो तोवर दुसऱ्या संस्थेच्या दारात. अमेरिकेत मूळ रहिवासी समुदायांसाठी आणि संस्थांसाठी असे अर्ज लिहिणं हा रीतसर व्यवसाय आहे, आणि तिथल्या ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशनच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला वर्ज्य आहे. परदेशी निधीत तर आणखी फास: २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरएतल्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, आणि सल्लागाराची फी, अहवाल लिहिण्याचा खर्च त्यातच मोजतात. संस्था कितीही अडचणीत असली तरी या वाटेला मी जाणार नाही.

राहिला आपला कार्यकर्ता. कोल्हापूरच्या सायबर कॉलेजातून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेली एक मुलगी आमच्याकडे होती. पहिला प्रस्ताव लिहायला तिला दोन महिने लागले, बजेटची बेरीज दोनदा चुकली. पण कोणत्या वाड्याचा झरा मार्चमध्ये आटतो आणि कोणत्या वाड्याचा मे महिन्यापर्यंत टिकतो, हे त्यात होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी, मागताना हेच चालतं. कायद्यानेही कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. फौंड्रीच्या मालकाला चाळीस पानं नकोत. दोन पानं मराठीत आणि एक रविवार वाड्यावर, एवढं पुरतं. तोटा एकच आणि मोठा: तयार झालेला माणूस टिकत नाही. आमची ती मुलगीही दीड वर्षात मोठ्या संस्थेत गेली. राग नाही, आमचा पगारच तेवढा होता.

कागदांचं थोडक्यात. १२-ए आणि ८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकराच्या नोंदण्या, सरकारच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवणारी ऑडिटेड पत्रकं, हे नसेल तर कुणीही लिहिलं तरी फुकट. या नोंदण्या सल्लागाराच्या ‘पॅकेज’मध्ये घेऊ नका, आपला सीए करून देतो. आणि नोंदणीच्या पोर्टलवर मोबाइल नंबर संस्थेचाच टाका. आमचा ओटीपी वर्षभर एका सल्लागाराच्या फोनवर जात होता. त्याच्याशी बिनसलं तेव्हा कळलं.

आता निवड. १०-१५ लाखांपर्यंतचा स्थानिक सीएसआर असेल तर आपल्याच माणसाला बसवा, बजेट तेवढं कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. परदेशी किंवा मोठा निधी असेल तर एजन्सी, पण फी ठरावीक, हप्त्यांत, लेखी करार करून, आणि मसुदा पाठवण्याआधी मराठीत वाड्यावर वाचून दाखवायचा. दर मागतानाच वाड्यावरचे दोन मुक्काम धरून मागा. “फोटो पाठवा, बाकी मी बघतो” म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परतीच्या एसटीत बसवून द्या.