ई-श्रम कार्ड दाखवून पेन्शनचे हप्ते गोळा करणाऱ्यांपासून सावध रहा (सांगली, मिरज, तासगाव)

ई-श्रम कार्डावर पेन्शन मिळत नाही. पुढचं कुणी वाचलं नाही तरी एवढं कळावं म्हणून आधीच लिहितेय. आमच्या आईकडून आणि तिच्यासोबत बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायांकडून एका माणसाने हेच कार्ड पुढं करून तीन-साडेतीन वर्षं दर महिन्याला 300 रुपये नेले आणि आता त्याचा फोन बंद आहे.

आई सीझनला तासगावकडच्या शेडवर असते, बाकी वर्षभर कोल्ड स्टोरेजला निवडणी. हजेरीवर काम, पीएफ नाही काही नाही, दिवसभर मान खाली घालून काड्या आणि काळे मणी वेचायचे, पन्नाशी आली की कंबर धरते, डोळ्याला दिसायचं कमी होतं आणि मग मुकादम बोलवायचं पण कमी करतो. म्हातारपणी पोराच्या तोंडाकडं बघायला लागू नये एवढीच या बायांची इच्छा असते. भिशी सगळ्याच लावतात पण भिशीचा पैसा हातात येतो तेव्हा कुणाची फी थकलेली असते नाहीतर कुणीतरी दवाखान्यात असतं, तो टिकत नाही. त्यामुळं पेन्शन म्हटलं की ऐकून घेतात, आणि हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

तो पगाराच्या दिवशीच यायचा. शेडच्या गेटजवळ खुर्ची टाकून बसायचा, मुकादम म्हणायचा ओळखीचा माणूस आहे, आणि प्रत्येकीला मावशी, काकू म्हणून इतकं गोड बोलायचा की बाया त्याला घरचा चहा देत होत्या. आधी आधार नंबर आणि ओटीपी घेऊन त्याने सगळ्यांची ई-श्रमची नोंदणी केली, त्याचे दीडशे रुपये घेतले, आठवड्याभरात प्लॅस्टिकचं चकचकीत कार्ड हातात दिलं. मग म्हणाला, "मावशी, हे तुमचं पेन्शनचं कार्ड, आता महिन्याला 300 भरत रहायचे, साठ झाली की 3000 चालू." एका बाईच्या मुलाने कार्डावरचा 12 आकडी नंबर ऑनलाइन टाकून बघितला तर नाव, फोटो, पत्ता सगळं बरोबर आलं, मग कुणाला शंका यायचं कारणच राहिलं नाही. इथंच सगळी गोम आहे. कार्ड खरं होतं, पेन्शन खोटी होती.

ई-श्रम ही असंघटित कामगारांची फक्त सरकारी नोंद आहे, ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाली, 16 ते 59 वयाचे कामगार नोंदणी करू शकतात आणि नोंदणी फुकट आहे. त्यात दर महिन्याला भरायचा हप्ताच नाही. 3000 वाली जी योजना आहे ती वेगळी, प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन, 2019 ची. त्यात घुसायचं वय 18 ते 40, महिन्याचं उत्पन्न 15 हजारापर्यंत, हप्ता वयाप्रमाणे 55 ते 200 रुपये आणि तेवढेच सरकार टाकतं. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बाईचं त्यात नावच लागत नाही आणि सगळ्यात जास्त हप्ता सुद्धा 200 आहे, 300 नाही. आमची आई तेव्हा बावन्न वर्षांची होती.

अजून एक हिशोब सांगते, हा कुणालाही करता येतो. योजना 2019 ला सुरू झाली, आत यायचं जास्तीत जास्त वय 40, पेन्शन साठीला, मग 2039 च्या आधी या योजनेतून साठी पूर्ण करून कुणालाच पेन्शन चालू होऊ शकत नाही. बँकेतून निघणारी अटल पेन्शन 2015 ची, तिथंही वय 18 ते 40 च, म्हणजे 2035 च्या आधी नाही. आणि हा माणूस मोबाईलवर फोटो दाखवून सांगत होता की जतच्या एका बाईला 3000 चालू झाले.

उघड कसं झालं तर आईच्या सोबतची एक मावशी साठ वर्षांची झाली आणि तिने पेन्शन मागितली. आधी म्हणाला फाईल दिल्लीला गेलीय. मग म्हणाला व्हेरिफिकेशनचे अडीच हजार भरा. तिने कानातलं गहाण ठेवून ते पण दिले. त्यानंतर तो शेडवर आलाच नाही. मी आईचं आणि मावशीचं कार्ड आणि दोघींची पासबुकं घेऊन सेवा केंद्रात गेले, तिथल्या मुलाने बघून सांगितलं ताई हे नुसतं ई-श्रम आहे, पेन्शनला गेले असते तर बँकेच्या खात्यातून कटले असते. पासबुकात तशी एकही एंट्री नव्हती. प्रत्येकीचे दहा-बारा हजार गेलेत, तिथं दिवसाच्या हजेरीवर घर चालतं.

पोलिसात अर्ज दिलाय. पावत्या मागतात, आणि बायांकडं फक्त तारीख आणि सही असलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डं आहेत, त्यावर ना कंपनीचं नाव ना त्याचं. मुकादम म्हणतो मी फक्त बसू दिलं. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण बायांनी विश्वास त्या माणसावर नाही, मुकादमाच्या शब्दावर ठेवला होता.

श्रमयोगी मानधनचा पहिला हप्ता सेवा केंद्रात रोख भरतात, त्यानंतर प्रत्येक हप्ता खात्यातून आपोआप कटतो. अटल पेन्शनचं पण तसंच, खात्यातूनच. शेडवर, गोदामात, घरी येऊन पेन्शनचा रोख हप्ता मागणारा कुणीही असू दे, आधी त्याला पासबुकात एंट्री दाखव म्हणा.

चाळिशीच्या आतल्या मुली-सुनांनी स्वतः बँकेत जाऊन विचारा. अटल पेन्शनमध्ये अठराव्या वर्षी महिना 42 रुपयांत 1000 ची पेन्शन बसते, चाळीसाव्या वर्षी त्याच 1000 ला 291 लागतात, त्यामुळं उशीर करू नका. चाळिशीच्या पुढच्यांना पोस्टाची आरडी महिना 100 पासून आहे, 5 वर्षांची, पुस्तकावर शिक्का मारून घ्या. एनपीएस (सरकारची राष्ट्रीय पेन्शन योजना) चाळिशीनंतरही उघडता येतं पण त्यातला पैसा बाजारावर असतो, ते समजून घेऊन करा. पिग्मी लावत असाल तर बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, हे पण बायांना कुणी सांगत नाही. आणि 65 च्या पुढं ज्यांना खरंच आधार नाही, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजाराच्या आत आहे, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, महिना 1500, अर्ज तहसीलला. त्यात आधी हप्ते भरायची भानगडच नाही.

ज्यांच्याकडं असली पुठ्ठ्याची कार्डं असतील त्यांनी ती फेकू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, त्याचा नंबर, त्याने पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका. कार्ड अपडेट करायचंय म्हणून कुणी परत मागायला आला तर देऊ नका, आमच्यातल्या दोघींनी दिली आणि त्यांच्याकडं आता पुरावाच नाही. मिरज, तासगाव, कवठे महांकाळ भागात आणखी कुणाला असा माणूस भेटला असेल तर सगळ्यांनी मिळून एकत्र तक्रार करा, एकटीच्या दहा हजाराकडं कुणी बघत नाही.