ईव्हीचे पार्ट बनवायचेत : पीएलआय, पीएम ई-ड्राइव्ह की बँकेचं कर्ज?

भोसरी, चाकण किंवा वाळूजला चार-सहा सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) मशीन टाकून इंजिनाचे पार्ट काढणारा प्रत्येक जण सध्या हाच हिशेब मांडतोय. ईव्हीकडे वळायचं तर कुठल्या योजनेच्या भरवशावर?

पेपरात सगळ्यात मोठा आकडा पीएलआयचा, म्हणजे उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचा. वाहन उद्योगासाठीची ही योजना सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर झाली, तरतूद 25,938 कोटी रुपये. ईव्ही आणि त्यांच्या पार्टच्या विक्रीवर 13 ते 18 टक्के प्रोत्साहन. मात्र पार्ट बनवणाऱ्या समूहाची उलाढाल किमान 500 कोटी आणि स्थिर मालमत्तेतली गुंतवणूक 150 कोटी हवी. शिवाय अर्जाची मुदत जानेवारी 2022 मध्येच संपली. छोट्या कारखानदाराने हा अर्ज शोधण्यात वेळ घालवू नये.

तरीही माझ्या मते तुमच्या धंद्यावर सगळ्यात जास्त परिणाम याच योजनेचा होणार. प्रोत्साहन घेणाऱ्या कंपनीला मालात किमान 50 टक्के देशी मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीतला देशातच तयार झालेला वाटा, दाखवावं लागतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था ते तपासतात, आणि मग कंपनी आपल्या व्हेंडरकडे, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्याकडे, कागद मागते. मोटारीचा शाफ्ट देशी पोलादाचा असेल तर त्याची किंमत कंपनीच्या पथ्यावर पडते; त्याच मोटारीतलं चुंबक चीनमधून आलं असेल तर तेवढी रक्कम वजा. म्हणून कच्चा माल कुठून घेतला याची बिलं नीट लावलेला छोटा व्हेंडर अशा कंपनीला दोन पैसे जास्त देऊनही परवडतो. ही बाजू आपल्याकडे फार कमी जण भावाच्या बोलणीत वापरतात.

पीएम ई-ड्राइव्हचं गणित वेगळं. ऑक्टोबर 2024 पासूनची ही 10,900 कोटींची योजना अनुदान देऊन ईव्हीची किंमत खाली आणते. पार्ट बनवणाऱ्याच्या खात्यात तिचा रुपयाही येत नाही. तुम्हाला मिळते ती फक्त मागणी, आणि तीही ओसरती. आधीच्या फेम-2 योजनेत दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-तास क्षमतेमागे 2023 च्या मे अखेरपर्यंत 15,000 रुपये मिळत. ई-ड्राइव्हच्या पहिल्या वर्षी ते 5,000 झाले, दुसऱ्या वर्षी 2,500. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची मुदत मार्च 2028 पर्यंत वाढवली, पण दुचाकी-तीनचाकीला त्या वाढीतून वगळलं. ई-बससाठी मात्र 4,391 कोटी राखून ठेवलेत. केवळ अनुदानावर खपणाऱ्या स्कूटरसाठी महागडी डाय (साचा) काढायची असेल, तर दहादा विचार करा.

राहिलं कर्ज. अगदी नवं युनिट असेल तर पीएमईजीपी, म्हणजे केंद्राची रोजगारनिर्मितीसाठीची कर्ज-अनुदान योजना, पाहा: उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प आणि सर्वसाधारण गटाला शहरात 15, ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. महिला आणि इतर विशेष गटांना दोन्हीकडे 10 टक्के जास्त. ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, आणि चालू कारखान्याला ही योजना सहसा लागू नाही.

चालू कारखान्यासाठी सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची, हमी जास्त उपयोगी. एप्रिल 2025 पासून तिची मर्यादा 5 कोटींवरून 10 कोटी झाली. जमीन-घर तारण न ठेवता मशीनसाठी कर्ज मिळू शकतं. पण हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होणार, आणि हमीचं वार्षिक शुल्कही बँक बहुधा तुमच्याच माथी मारते.

माझा कौल चालू कारखान्याला सीजीटीएमएसईचा, पण हातात पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आल्यावरच. आधी मशीन आणि मग गिऱ्हाईक, हा क्रम ईव्हीत फार महागात पडतो, कारण मॉडेल बदललं की फिक्श्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारा साचा) भंगारात. पर्चेसवाल्यासमोर बसाल तेव्हा भावाच्या आधी दोन गोष्टी विचारा: हे मॉडेल पीएलआयमध्ये आहे का, आणि देशी मूल्यवर्धनाचं पत्रक कुठल्या नमुन्यात हवंय?