नवीन ॲफिलिएट साइट: आधी ‘कुठला मिक्सर घ्यावा’ की आधी ‘मिक्सर का बंद पडला’?

डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, थीम पण टाकली, आता पहिले लेख कुठले लिहू, असं ॲफिलिएट साइट (वस्तूंच्या लिंक देऊन त्यावरच्या विक्रीचं कमिशन मिळवणारी साइट) सुरू करणारे बरेच जण विचारतात. मला हा प्रश्न थीम आणि लोगोपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो, कारण पहिले वीस-पंचवीस लेख ज्या जातीचे असतात त्याच जातीची साइट पुढे होत जाते आणि मग ती वळवायला फार जड जातं. पर्याय खरं तर दोनच आहेत. एक म्हणजे थेट खरेदीची पानं, ‘चार हजाराच्या आतले चांगले मिक्सर’, ‘घरघंटी कुठली घ्यावी’, हे मॉडेल की ते मॉडेल. दुसरा म्हणजे माहितीची पानं, मिक्सर चालता चालता बंद पडला तर काय करायचं, भांडं खालून का गळतं, भाकरीच्या पिठाला कुठली जाळी लावायची. पुढेमागे दोन्ही लागतातच, भांडण फक्त आधी काय याचं आहे.

माझ्याकडे दोन्ही पद्धतीने सुरू केलेल्या साइट आहेत, दोन्ही मराठीत, दोन्ही स्वयंपाकघरातल्या यंत्रांवर. मिक्सर-कुकरची खरेदीच्या पानांपासून सुरू केली, घरघंटी आणि पाण्याच्या फिल्टरची माहितीच्या पानांपासून. जे सांगतोय ते या दोनांवरून, तुमचा विषय मोबाइल किंवा पुस्तकं असेल तर हिशोब थोडा वेगळा पडू शकतो हे लक्षात ठेवा.

खरेदीच्या पानांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कच्ची अजिबात नाहीये. ‘७५० वॅटचा मिक्सर कुठला घ्यावा’ असं शोधणारा माणूस खिशात हात घालूनच आलेला असतो, त्याला फार समजवावं लागत नाही. अशा पानावर दिवसाला मोजकीच माणसं आली तरी त्यातला एखादा घेऊन जातो. शिवाय ॲमेझॉनसारख्या ठिकाणी आपल्या लिंकवर क्लिक झाल्यावर खरेदीसाठी २४ तासांची मुदत असते आणि त्यात माणसाने मिक्सरऐवजी चादरी घेतल्या तरी बऱ्याचदा कमिशन मिळतं. आणि पहिलं कमिशन खात्यात दिसलं की जो हुरूप येतो ना, तो खरंच मोठा असतो, नवीन ब्लॉगर मंडळी सगळ्यात जास्त गळतात ती पहिल्या काही महिन्यांत आणि त्या काळात थोडेसे का होईना पैसे दिसले तर माणूस टिकतो. ही गोष्ट मी हलक्यात घेणार नाही.

आता अडचणी. याच शब्दांवर सगळ्यांचा डोळा असतो, इंग्रजीतल्या मोठ्या साइट, वर्तमानपत्रांची वेब आवृत्ती, शिवाय यूट्यूब, त्यामुळे नवीन साइटचं पान वर यायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरीकडे घड्याळ सुरू झालेलं असतं. ॲमेझॉन असोसिएट्समध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ॲफिलिएट योजनेत, नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत किमान ३ विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं, आणि स्वतःची ऑर्डर त्यात धरत नाहीत. खरेदीची पानं आधी करणाऱ्याला खातं पहिल्याच दिवशी उघडावं लागतं, म्हणजे साइटवर चिटपाखरू नसताना मुदत पळायला लागते. कमिशनचे दर पण आपल्या हातात नसतात, एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसुधारणेच्या वस्तूंवरचा दर ८ टक्क्यांवरून एकदम ३ वर आणला होता, ज्यांची सगळी साइट त्या एकाच विभागावर होती त्यांनी काय केलं असेल विचार करा.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझं मन फिरलं ते एका वेगळ्याच कटकटीने, आणि तिच्याबद्दल सुरू करायच्या आधी कोणी फारसं सांगत नाही. खरेदीचं पान शिळं होतं. नुसती किंमत बदलते असं नाही, किंमत पानावर हाताने लिहायचीच नाही असा ॲमेझॉनचा नियमच आहे. मॉडेलच जातं. तुम्ही आठ मिक्सरची यादी करता, प्रत्येकावर दोन-तीन परिच्छेद, कुठल्यात पुरण बारीक होतं, कुठल्यात शेंगदाण्याचा कूट करताना तेल सुटतं, कुठल्याच्या चटणीच्या भांड्याचं झाकण घट्ट बसत नाही, आणि सहा महिन्यांनी बघता तर दोन मॉडेल ‘सध्या उपलब्ध नाही’, एकाचं नाव तेच पण भांडी तीनाची चार झालेली, आणि एकाच्या लिंकवर भलताच रंग भलत्याच किमतीला. दर सेलच्या आधी रात्री बसून एकेक लिंक उघडून बघायची, दसरा-दिवाळीला तर नक्कीच, कारण वाचक तेव्हाच येतात आणि तेव्हाच मेलेली लिंक मिळाली तर परत फिरकत नाहीत.

बरं, लिंक बदलणं हे काम कंटाळवाणं आहे पण होऊन जातं. खरा त्रास पुढे आहे. यादीतलं एक मॉडेल गेलं की त्याच्या जागी जे येतं ते मी वापरलेलं नसतं. पहिले आठ मिक्सर घरचे, बहिणीकडचे, शेजाऱ्यांकडचे असे बघून लिहिलेले असतात, नववा कुठून आणणार? मग खोक्यावरची माहिती वाचून लिहायचं, लोकांचे रिव्ह्यू चाळून लिहायचं, आणि हळूहळू अख्खं पान असं होतं की त्यातल्या निम्म्या वस्तूंना आपला हातच लागलेला नाही. हे मला अगदी नको वाटतं. एखादी बाई माझ्या भरवशावर चार हजार रुपये घालणार आणि मी ते यंत्र पाहिलेलं पण नाही, हे बरोबर नाही, मग कमिशन कितीही मिळो. आणि गूगलला पण हेच नको आहे, एप्रिल २०२१ पासून त्यांनी प्रॉडक्ट रिव्ह्यूसाठी वेगळे अपडेट आणले ज्यात लेखकाने वस्तू खरंच हाताळली आहे का याचा पुरावा मागितला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पानांचा दर्जा तपासायच्या निकषांत ‘अनुभव’ हा मुद्दा वेगळा घातला. म्हणजे जे पान सांभाळायला सगळ्यात महाग, तेच पान काळाबरोबर सगळ्यात पोकळ होत जातं.

माहितीच्या पानांवर ही भानगडच नाही. मिक्सर मध्येच बंद पडला तर तो गार होऊ द्या, भांड्यातलं थोडं काढा आणि खाली उलटा करून लाल बटण दाबा, ते ओव्हरलोडचं बटण असतं, मोटर जळू नये म्हणून सुटतं. हे पान एकदा लिहिलं की लिहिलं, कंपनी कुठली का असेना. १ एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे साधारण ७४६ वॅट, त्यामुळे १ एचपीची घरघंटी आणि ७५० वॅटचा मिक्सर यांची मोटर कागदावर सारखीच दिसते पण कामं का वेगळी, हे पुढच्या वर्षी पण तसंच राहणार. धुतलेले गहू नीट वाळले नसतील तर जाळी चोंदते, भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय दळायची नाही, हे तर आजीच्या काळापासून तसंच आहे. पाण्याचं बघा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, मान्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. टीडीएस मीटरचं रीडिंग कसं वाचायचं, नगरपालिकेचं पाणी मुळात कमी टीडीएसचं असेल तर आरओ लागतो का, बोअरचं असेल तर काय, हे एकदा नीट मांडलं की त्या पानाला मी महिनोन् महिने हात लावत नाही आणि लोक येत राहतात.

आणखी एक गोष्ट, हे माझं निरीक्षण आहे, पक्का नियम नाही. वस्तू घ्यायची असली की आपली माणसं रोमनमध्ये इंग्रजी शब्द टाकून शोधतात, पण काही बिघडलं की तोंडाने मराठीत विचारतात, फोनला सांगतात ‘मिक्सरचं भांडं गळतंय काय करू’. त्या प्रश्नाला मराठीत धड उत्तर देणारी पानं अजून कमी आहेत. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला माहितीच्या पानांवर जागा मोकळी आहे आणि खरेदीच्या पानांवर नाही. तिथेच आपण आधी जावं असं मला वाटतं.

तोटे लपवत नाही. पैसे हळू येतात. भांडं गळतंय म्हणून आलेला माणूस फार तर वॉशर किंवा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग) घेणार, त्यावर कमिशन अगदीच किरकोळ. जाहिराती लावल्या तर ॲडसेन्सला, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेला, मराठी चालतं, पण १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत आणि मराठी वाचकांच्या संख्येवर ते जमायला धीर लागतो. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल सर्चच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं, साध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं तर आपल्या पानावर कोण येणार? ही काळजी खरी आहे. माझ्या अनुभवात जी पानं नुसती व्याख्या सांगत होती त्यांचे वाचक घटले, आणि ज्यात स्वतः काढलेले फोटो आहेत, झिजलेला कपलर आणि नवा कपलर शेजारी शेजारी ठेवलेले, कुठल्या जाळीने ज्वारीचं पीठ कसं पडतं ते चिमटीत धरून दाखवलेलं, तिथे माणूस अजून येतो. पुढे काय होईल कोण जाणे, पण फोटो काढायला आळस करू नका एवढं मी ठामपणे सांगेन.

आणि माहितीच्या पानावरून खरेदी होतच नाही असं पण नाही. ज्याचा कपलर वर्षात दुसऱ्यांदा झिजला तो स्वतःच विचारतो की आता मिक्सरच बदलू का, आणि तो प्रश्न तो आपल्याला विचारतो, कारण आधी आपण त्याचं काम फुकटात करून दिलेलं असतं. त्याला जे सांगाल ते तो ऐकतो. यादी वाचून गेलेला माणूस तुमचं नाव लक्षात ठेवत नाही.

तरी पण काही जणांनी खरेदीची पानंच आधी करावीत. तुमचं भांड्यांचं किंवा इलेक्ट्रिकचं दुकान असेल, तुम्ही मिक्सर दुरुस्त करत असाल, म्हणजे नवीन मॉडेल आपोआप हातात येत असतील, तर माझी मुख्य तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. उलट तुमच्यासारखं ते पान दुसरं कोणी लिहू शकणार नाही. तसंच ज्या वस्तू पटकन बदलत नाहीत, लोखंडी तवा, पाटा-वरवंटा, पितळेची भांडी, त्यांच्या याद्या पण बऱ्यापैकी टिकतात. मोबाइल-इअरबडवाल्यांनी मात्र दोनदा विचार करावा, तिथे मॉडेल डोळ्यादेखत जुनं होतं.

कुठूनही सुरू केलंत तरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा, लेखाचा पत्ता (यूआरएल). वर्डप्रेस मराठी शीर्षकाचा पत्ता मराठीतच बनवतं, पण आतमध्ये एकेका अक्षरचिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा २०० ची, म्हणून वीस-बावीस चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते. गूगलच्या ‘ब्लॉगर’ सेवेवर तर मराठी शीर्षक दिलं की पत्ता नुसताच ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असा येतो. रोमन लिपीत छोटा पत्ता हाताने द्या आणि नंतर बदलू नका. थीम, लोगो, मेनू नंतर कितीही बदला, त्याने काही अडत नाही.

लिंकवर कमिशन मिळतं हे लेखाच्या सुरुवातीलाच साध्या मराठीत लिहा, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, आणि तसंही वाचकाला ते कळायलाच हवं.

मला आज पुन्हा शून्यातून सुरू करायचं असतं तर मी माहितीच्या पानांपासूनच केलं असतं. स्वतःच्या घरात जे यंत्र आहे त्याच्या प्रत्येक कुरकुरीवर एकेक लेख, फोटोसकट, आणि रोज थोडी तरी माणसं आपसूक यायला लागल्यावरच ॲफिलिएट खातं, म्हणजे ते १८० दिवस वाया जात नाहीत. मग दिवाळीच्या सेलच्या दीड-दोन महिने आधी पहिलं खरेदीचं पान टाकायचं आणि त्यात फक्त हाताळलेलीच मॉडेल ठेवायची, ती दोनच असली तर दोनच.