राजवाडा ते छत्र्या हेरिटेज वॉक: चांगला आहे, पण आडा बाजारात मन खट्टू झालं

मागच्या रविवारी मुलीला घेऊन गेले होते. ग्रुपचं नाव मुद्दाम देत नाहीये, आपल्या इंदूरची तरुण मुलं आहेत, मनापासून करतात. माणशी तीनशे रुपये, सकाळी सातला राजवाड्यासमोर, अडीच तास, बोलणं निम्मं हिंदी निम्मं मराठी.

सुरुवात एकदम भारी. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, हे गाईडने समोर उभं करून बोटाने मोजून दाखवलं आणि मग १९८४ वर आला. इथे बहुतेक लोक "तेव्हा आग लागली" म्हणून पुढे सरकतात. हा म्हणाला, "लागली नाही, लावली. दंगल होती, शिखांची घरं-दुकानं जळत होती, त्यातच हेही जाळलं." आमच्यात एक सरदारजी काका होते, ते काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीनशे रुपये मला तिथेच वसूल वाटले, खरंच.

मोडीतल्या पत्राची एक लॅमिनेट केलेली झेरॉक्सही होती. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, शब्दांत जागाच सोडायची नाही, हे मुलीने बोटाने गिरवून पाहिलं. फक्त पत्र कोणी कोणाला लिहिलं, कधीचं, मूळ कुठे ठेवलंय, यातलं काहीच त्यावर नव्हतं. एक ओळ छापायला काय लागतं?

आणि मग आडा बाजार. तीच गोष्ट, मालेरावाच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी मुलाला हातपाय बांधून रस्त्यात टाकायला लावलं आणि स्वतः रथ हाकायला निघाल्या तर गाय आडवी आली, म्हणून आडा बाजार. हे त्याने तारीखवार इतिहास सांगावा तशा आवाजात सांगितलं. दोन बायका रडल्या.

ही गोष्ट मला माझ्या आजीने सांगितलीय, पण ती दर वाक्याला "म्हणे" लावायची. गाय आडवी आली म्हणे. तेवढ्या एका शब्दात ऐकणाऱ्याला कळायचं की ही ऐकीव गोष्ट आहे. गाईडने तो "म्हणे" काढून टाकला, माझी तक्रार एवढीच आहे.

कारण ही खरी माणसं होती हो. अहिल्याबाईंचा नवरा १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात गेला, सासरे १७६६ ला, आणि गादीवर बसलेला एकुलता मुलगा वर्षाच्या आत, १७६७ ला. आईनेच त्याला मारवलं अशीही बोलवा होती, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने ती चौकशी करून खोटी ठरवली आणि १८२३ च्या ग्रंथात तसं लिहिलंय, मुलगा वेडाच्या आजारात गेला आणि आई उशाशी बसून होती म्हणून. माल्कम काही होळकरांचा भाट नव्हता, महिदपूरच्या लढाईत त्यांच्याविरुद्धच लढला होता. न्यायी राणी दाखवायच्या नादात आपण त्या आजारी पोराला दर रविवारी रस्त्यावर टाकतो आणि त्याच्या बाजूने बोलायला आज कोणी नाही.

नंतर बाजूला जाऊन त्याला हे सांगितलं. "ताई, पब्लिकला हीच गोष्ट पाहिजे असते, नाही सांगितली तर विचारतात." अरे मग सांग ना, जरूर सांग, गल्लीच्या नावाशी जोडलेली गोष्ट आहे, ती पण शहराचीच आठवण आहे. फक्त सांगताना दंतकथा म्हण आणि मग कागदात काय आहे तेही सांग. १९८४ चं सरळ सांगायची हिंमत ज्याच्यात आहे त्याला हे जड नाही. त्याने माल्कमचं नाव फोनमध्ये लिहून घेतलं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, शेवटी घाईत उरकल्या, कोरीवकाम बघायला वेळच मिळाला नाही.

पाचपैकी साडेतीन. पाणी सोबत घ्या, गाडी लांब लावून चालत या. दिवाळीनंतर आईला घेऊन परत जाणार आहे, आडा बाजारात काय सांगतो ते ऐकून इथेच लिहीन.